पांढऱ्या पेशींची सही

चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यात आजारातून बरं व्हायला मनाई नव्हती. फक्त कोणी बरं केलं, हे फॉर्मच्या नवव्या रकान्यात सही-शिक्क्यानिशी यावं लागे. मुकुंदवाडीचा मल्हारी महिनाभर काविळीनं घरी होता. कायम व्हायला त्याला बाराच दिवस राहिले होते आणि खाडे विनापरवाना ठरले, तर मस्टरवरून नाव जाणार होतं.

त्यानं सरकारी दवाखान्याचा कागद आणला. ‘औषध नाही. विश्रांती.’ डॉक्टरांनी त्याला समजावलं होतं की काविळीचा विषाणू यकृतात शिरतो आणि त्याला हुसकून लावायचं काम रक्तातल्या पांढऱ्या पेशी करतात. विषाणू शिरलेली पेशी त्या हुडकून मारतात, शेजारच्या निरोगी पेशीला सोडून देतात. विद्यापीठाच्या नामांतरावरून त्या वर्षी आमच्याकडे आडनावं बघून वस्त्या पेटवल्या जात होत्या. पेशींएवढी अक्कल मराठवाड्यात दुर्मीळच होती.

कामगार अधिकारी तात्यासाहेबांनी कागद उजेडाला धरला. उपचार नाही, अर्थात आजार नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. शिवाय त्याच महिन्यात नामांतराचा मोर्चा निघाला होता.

“आजारी होतास का मोर्च्यात होतास?”

“साहेब, डोळे हळदीवानी पिवळे झालते. साऱ्या गल्लीनं पाह्यलं.”

“आता तर पांढरे आहेत.”

तो बरा झाला, हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरला. मी तो टाइप केला.

“मंग बरं कुणी केलं म्हणून लिवू? पेशी काय सही करत्यात व्हय?”

तात्यासाहेब दयाळू. त्यांनी पाचोडच्या आक्काबाईचं नाव सुचवलं. ती काविळीच्या रोग्याच्या डोक्यावर मुळ्यांची माळ ठेवते. माळ सैल होत होत पायाशी उतरली की कावीळही उतरली. आपण आधीच बरे झालोय, असं मल्हारीनं हात जोडून सांगितलं. मग वेळ लागणार नाही, असं साहेब म्हणाले.

माळ तासाभरात उतरली. आक्काबाईनं अंगठा दिला, बाजारात करून घेतलेला शिक्का मारला. कारखान्यात परतून माझ्या टेबलाशी ‘हिच्याच उपचारानं बरा झालो’ याखाली सही करताना मल्हारीनं माझ्याकडे पाहिलं नाही. मला लाज वाटली. तो कायम झाला आणि यापुढे काविळीच्या कामगारांनी पाचोडलाच जावे, अशी सूचना बोर्डावर लागली. तीही मीच टाइप केली.

ही हकीकत मी पुष्कळांना सांगितली. सगळे हसले, सगळ्यांनी साहेबांना नावं ठेवली आणि निघताना हळूच आक्काबाईचा पत्ता विचारला. तुम्ही विचारायला लाजाल, म्हणून सांगून ठेवतो : बसस्टँडच्या मागं, लिंबाखाली. बाजाराच्या दिवशी जाऊ नका, रांग असते.