शून्य विचारणारे पौनीकर सर

पौनीकर सरांच्या फ्रिजमधली बाटली तोंडाला लावायची नाही, हा आमच्या मनीषनगरातल्या बिल्डिंगचा अलिखित नियम. मी एकदा मोडला. उन्हातून आलो, बाटली उघडली, तर सर ओरडले, "अबे थांब! तो मागच्या पोळ्याचा पूर आहे!"

पाहतो तर खरंच गढूळ पाणी, वर चिठ्ठी. कॉलेजातून रिटायर झाल्यावर लोक नातवंडं खेळवतात. सरांनी उमरेडकडची आपल्या गावची नदी कॉम्प्युटरात बसवायला घेतली. पाणी किती येईल, गाळ किती वाहील, शेतातलं खत किती जाईल, सगळं गणितात. बरं, नदी तरी कसली? आठ महिने तिच्यात बकऱ्या फिरतात.

त्यासाठी रोज संध्याकाळी सहाला गावी फोन. पुलाच्या खांबावर रंगवलेली, पाण्याची उंची मोजायची पट्टी सरांची मोठी बहीण वाचते.

"किती?"

"शून्य."

फोन बंद. भर मे महिन्यातही हेच!

"सर, नदी ठणठणीत कोरडी. रोज काहून विचारता?" मी चिडवलं.

"शून्यही मोजाच लागते गा. कोरडी म्हणजे मेली नाही ती. आत सगळं साचून राहिलं असते. पहिल्या पाण्यासंगं गाळ, खत, पालापाचोळा, एकदम येते. माझं मॉडेल तिथंच फसते."

"मग ताईची खुशाली तरी विचारत जा!"

सर चष्मा पुसत बसले. "बाबाचा हातमाग मी तिले न विचारता विकला. चुकलंच माझं. बारा वर्षं झाली, बोलत नाही ती. नदी गावाची आहे, म्हणून पट्टी वाचते. हा कामाचा फोन आहे गा."

माझ्या जिभेला हाड नाही, दुसरं काय! फार वाईट वाटलं मला.

परवा मी तिथंच होतो. सहा वाजले, फोन स्पीकरवर.

"किती?"

"शून्य." पण फोन काही बंद होईना. "आवाज बसला तुझा. खोकून राहिला का गा?"

सर खुर्चीतून उठलेच. "हो ताई. थोडासा."

"काढा घे." आणि फोन बंद.

सरांनी वही ओढली. पाण्याच्या रकान्यात शून्य लिहिलं. शेऱ्याचा रकाना पहिल्या पानापासून कोरा होता, त्यावर पेन टेकवलं, उचललं. मग मला म्हणाले, "काढ्यात काय काय टाकतात गा?"

मला ठाऊक होतं. तरी म्हटलं, "मले काय माहीत सर? उद्या ताईलेच विचारा."