सहा पुंगळ्यांचं वाण

जानरावांनी फळीवरचा चहाचा डबा तिसऱ्यांदा उपडा केला. त्यातून एक बटण निघालं, दोन गंजलेल्या सुया निघाल्या, एक झुरळही निघालं. सहा पुंगळ्या मात्र निघाल्या नाहीत.

“मैना, याच्यातल्या माह्या पुंगळ्या कुठी गेल्या व?”

“त्या पितळीच्या? त्या मी चिंच लावून घासल्या. अशा लखलखल्या म्हनता!” मैनाबाई कौतुकाने म्हणाल्या. “संक्रांतीले वान म्हनून वाटल्या. उदबत्ती बराबर बसते त्याईत.”

जानराव मटकन खाली बसले.

पीकसंरक्षणासाठी हत्याराचा परवाना घरात वडिलांपासून चालत आलेला. वडिलांचं रिव्हॉल्व्हर चांगलं वजनदार होतं. पण ते कमरेला लावलं की लेंगा खाली सरकायचा. दर्यापूरच्या भर बाजारात एकदा तो पुरता सरकला, तेव्हा जानरावांनी ते विकून पाव किलो गवारीच्या वजनाचं नवं घेतलं. लेंगा जागेवर राहिला, पण काडतुसांची पंचाईत झाली. पावसाळ्यात रानडुकरं हाकलायला सहाच्या सहा हवेत उडवली, रिकाम्या पुंगळ्या डब्यात टाकल्या आणि नवी मिळेनात. अमरावतीच्या दुकानदाराने स्पष्ट सांगितलं, “माह्यापाशी हाय ते काडतूस जोरदार हाय. तुमच्या खेळन्यात घातलं तं गोळी समोर जाईन अन् रिव्हॉल्व्हर मांगं. कोन जास्त लांब जाईन, सांगता येत नाही.”

शेवटी अकोल्याला शफीकभाईंच्या दुकानात हवी तशी चीज सापडली. एकच खोकं होतं.

“नरम माल हाय, जानरावभाऊ. तुमच्या नाजूक चिजेले हाच पाहिजे,” शफीकभाई म्हणाले. “पन पयले सहा खाली पुंगळ्या आना, मंग सहा भरेल न्या. कायदा हाय. रथसप्तमीपर्यंत ठेवतो. मंग जो येईन त्याचा.”

आणि त्या पुंगळ्या आता गावातल्या सहा देवघरांत उदबत्त्या धरून उभ्या होत्या.

इकडे वावरात सात रोही, म्हणजे नीलगायी, रोज दिवसाढवळ्या हरभरा खात होते. सोयाबीनने लागोपाठ तिसऱ्या वर्षी दगा दिलेला. घराचं सगळं वर्ष या तीन एकर हरभऱ्यावर होतं. जानरावांना मुक्या जनावराचा जीव घ्यायचा नव्हता, नुसता आवाज करायचा होता. त्यांच्या ओरडण्याला रोही दाद देत नव्हते आणि बुजगावण्याला पाठ घासत होते.

“जाय, वान परत मांगून आन,” जानराव म्हणाले.

“मी नाही बाप्पा! पाप लागते. तुमाले पाहिजे असन तं तुमी मांगा.”

जानराव मनाचा धडा करून पार्वताबाईंकडे गेले. गावातल्या सगळ्या बायकांचा शब्द पार्वताबाईंपाशी संपायचा.

“मावशी, तेवढी पुंगळी—”

“देल्लेलं वान परत मांगतं? तुह्या सात पिढ्याईत असं कोनी केलं काय रे?”

तासाभरात गावभर झालं. शेजारच्या वावरातले नत्थुजी मधल्या बांधावर, धुऱ्यावर, उभे राहून पोट धरून हसले. “जानराव, माह्या घरच्या वाट्या बी घेऊन जा, मांगच्या सालच्या! अन् बायकाईच्या मांगं फिरून रोही पयतात काय कुठी?”

जानरावांचा चेहरा इतका पडला की संध्याकाळी पार्वताबाईंनाच दया आली. त्या स्वतःहून घरी आल्या.

“वान परत देता येत नाही. पन आमी आमचं वान म्हनून मैनाले देऊ शकतो. आमा सहाजनीचं हळदीकुंकू रायलंच हाय. रोज एकीचं करू, अन् तुह्या वावरात करू. हरभऱ्याचे हिरवे सोले जेवढे खाऊ तेवढे आमचे.”

“मावशी, तुमी म्हनसान तसं!”

दुसऱ्या दिवसापासून वावरातल्या निंबाखाली सतरंजी पडली. पहिला मान बेबीताईंचा. त्या हसल्या की पलीकडच्या गावातली कुत्री भुंकायची. सकाळपासून पंचवीस-तीस बाया जमायच्या, उखाण्यांवरून भांडायच्या, भांडणावरून हसायच्या आणि दिवस कलल्यावर ओटीत घाटे भरून घरी जायच्या. जानराव पाण्याचे हंडे वाहत होते आणि रोज एक पुंगळी पदरात पडते की नाही तेवढंच पाहत होते. सहाव्या दिवशी पार्वताबाईंनी शेवटची पुंगळी मैनाबाईंच्या हातावर ठेवली, तेव्हा जानरावांचे डोळे खरोखर भरून आले.

सातव्या दिवशी पहिल्या गाडीने ते अकोल्याला पोचले. शफीकभाईंनी एक पुंगळी नाकाशी नेली.

“जानरावभाऊ, पुंगळीले बारूदाचा वास असते. तुमचीले मोगऱ्याचा येऊन राहिला!”

पण मोजून सहा होत्या. मोजून सहा काडतुसं मिळाली.

दुपारी जानराव ती सहाही रिव्हॉल्व्हरमध्ये भरून, छाती काढून धुऱ्यावर उभे राहिले. मैनाबाई मागे सतरंजी झटकत होत्या. जानरावांनी तीन एकरांवर नजर फिरवली. सतरंजीभोवतीचा हरभरा बायांनी पार ओरबाडला होता. बाकी सगळा वाऱ्यावर डुलत होता. रोही एकही नव्हता. कालही नव्हता. आठवून पाहिलं तर बेबीताई पहिल्यांदा हसल्या तेव्हापासूनच नव्हता.

तेवढ्यात नत्थुजी धापा टाकत आले.

“जानराव, सहा दिवस झाले, साती रोही माह्या वावरात येऊन राहिले ना!”

जानराव याच क्षणाची वाट पाहत होते. त्यांनी सावकाश कमरेवर थाप मारली. “घाबरू नोको. नरम माल आनला. चाल!”

“ते राहू दे तुह्यापाशी,” म्हणत नत्थुजी त्यांना ओलांडून गेले आणि मैनाबाईंसमोर हात जोडून उभे राहिले. “वैनी, उद्या रथसप्तमी. शेवटचं हळदीकुंकू माह्या वावरात होऊ द्या. सतरंजी मी टाकतो, पानी मी भरतो. बेबीताईले तेवढं नक्की आना.”

“येऊ की. पन भाऊजी, वान काय ठेवसान?”

नत्थुजी डोकं खाजवू लागले. मैनाबाईंचीही नजर विचार करत इकडेतिकडे फिरली आणि जानरावांच्या कमरेशी येऊन थांबली.

जानरावांनी दोन्ही हातांनी रिव्हॉल्व्हर घट्ट धरलं.