तीन लांब फुंका

रविवारी चार वाजता बाजारकुणंगच्या सभागृहात राखीचा कार्यक्रम होता. तिने चाळीस खुर्च्या मांडून घेतल्या होत्या आणि आतापर्यंत यायला एकटी तिची फुला आजी कबूल झाली होती. तीही 'बरं वाटलं तर' या अटीवर, कारण आठ दिवस ती तापाने पडून होती.

राखी गोव्याच्या शाळेत संगीत शिकवायची आणि गोगलगाईसारखा वळलेला भला मोठा पितळी हॉर्न वाजवायची. जगाने विसरलेल्या लोकांच्या रचना शोधून वाजवायच्या, हा तिचा ध्यास. या वेळची रचना एका परदेशी बाईची होती. ती कुणीतरी ऐकावी, एवढंच राखीला हवं होतं.

त्या दिवशी दुपारी तापानंतरची पहिली आंघोळ करून आजी गाढ झोपली. तिची झोप मोडू नये म्हणून राखी घरामागच्या परड्याच्या टोकाला गेली आणि रचनेचे पहिले तीन लांब, संथ सूर तिने छाती भरून वाजवले.

आजीच्या त्या वाडीत मोबाइलला रेंज नाही. जुनं गाव सुपा धरणात बुडायच्या आधीपासून निरोप पोचतो तो म्हाताऱ्या लखूच्या शिंगावर. एक लांब फुंक म्हणजे रानडुक्कर, दोन म्हणजे गवा. तीन म्हणजे माणूस गेलं, घरटी एक लाकूड घेऊन या. राखी दुसऱ्या वर्षीच गोव्याला मावशीकडे गेलेली, तिला हे कोण सांगणार?

समोरच्या टेकडीवर लखूचा घास हातातच राहिला.

"आरं देवा! फुलाक्का गेली!"

त्याने खुंटीवरचं शिंग काढलं आणि निरोप पुढच्या वाडीला धाडला. पुढच्या वाडीने रेंजच्या दगडावर चढून रामनगरला आजीच्या लेकीला फोन लावला.

तासाभरात अंगणात माणसं जमू लागली. राखीला आनंदाने काय करू नि काय नको झालं.

"कार्यक्रम चारला हाय, काका!"

"चारला? बरं झालं. रामनगरची मानसं पोचतील," लखू म्हणाला.

"पण ही लाकडं कशाला?"

"वाळलेलीच हाईत, बघ पायजे तर."

"हळू बोला हां. आजी आत झोपलीय."

लखूने डोळे पुसले. "पोरीला धक्का बसलाय. कुणी काय बोलू नका तिला."

एवढ्यात टेम्पो थांबला आणि आजीची लेक शांता ऊर बडवत उतरली. "आये! सोडून गेलीस गं! मागल्या म्हयन्यात येनार व्हते मी!"

"मग का आली न्हाईस?"

दारात फुला आजी उभी होती. हातात पेजेची वाटी.

शांता होती तिथेच मटकन बसली. लखूचं लाकूड त्याच्याच पायावर पडलं.

"शिंग फुंकलं कुनी?" आजीने विचारलं.

सगळ्यांच्या माना हॉर्नकडे वळल्या.

"आजी, त्या बाईनं सुरुवातच तशी लिहिलीय. मला ठाऊक नव्हतं गं!"

"कंची बाई?"

"हे जिनं रचलं ती. भावानं स्वतःचं नाव लावून छापलं. ती गेली तेव्हा कुणाला कळलंपण नाही."

"कवा गेली?"

"शंभर वर्षं झाली असतील."

"लाकूड घिऊन कोन गेलं?"

"कुणीच नाही."

आजीने अंगणातल्या ढिगाकडे पाहिलं. "मग सांगावा खोटा न्हाई. उशिरा पोचला, येवढंच. बसा समदी."

माणसं आपापल्या लाकडांवर बसली. राखीने पुन्हा ते तीन सूर वाजवले, मग पुढचे सगळे. कुणी उठलं नाही. शांताचं अर्धवट राहिलेलं रडणं तेवढं त्या परदेशी बाईच्या नावाने पुरं झालं.

संपल्यावर लखू लंगडत पुढे आला. "आक्का, ही लाकडं परत न्ह्यायची का?"

"मयताचं लाकूड कुनी घरी न्हेतं व्हय? ऱ्हाऊ दे माझ्या पडवीत, कधीतरी लागंलच." आजीने वाटीतली पेज संपवली. "पर लखू, माझ्यासाठी आनलंस ते समद्यांत बारीक कसं रं?"