पास्कल अंकल आणि पन्नास चालींचा नियम

जिन्यात फुली-गोळा खेळणाऱ्या लहान मुलांवर कोणी मोठा माणूस मनापासून चिडतो का? आमच्या खालच्या मजल्यावरचे पास्कल अंकल चिडतात. "नऊ घरं भरली की खलास! हा काय खेळ झाला?" असं म्हणत ते मुलांचा खडू काढून घेतात आणि तिथेच फरशीवर बुद्धिबळाचा पट आखायला बसतात. मुलं पळून जातात. अंकल पट पूर्ण करतात.

अंकल मूळचे वसईचे. मस्कतच्या एका हॉटेलात स्टोअर सांभाळतात आणि तिथल्याच वादी अदाई भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये एकटेच राहतात. त्यांच्या मते खेळ दोनच प्रकारचे, भरणारे आणि फिरणारे. माणसंही तशीच. "तुझा बाप भरणारा," ते मला म्हणाले होते. "गावचं घर बांधून झालं की यल्ला, चालला रत्नागिरीला. मी फिरणारा गो बाय."

त्यांचा खरा राग पन्नास चालींच्या नियमावर. दोघांनी प्रत्येकी पन्नास चाली करूनही एकही सोंगटी मारली गेली नाही आणि एकही प्यादं हललं नाही, तर बरोबरी मागता येते. इथल्या मराठी मंडळाच्या बुद्धिबळ स्पर्धेत अंकलचा डाव असाच थांबवला गेला. अंकल पंचांना म्हणाले, "दोन माणसं बसलीत, कोणाला घाई नाही. तुमच्या बापाचं काय जातं?" तेव्हापासून मंडळाने त्यांना फक्त गणपतीच्या जेवणाला बोलवायचं ठरवलं आहे.

मी संगणकशास्त्र शिकते. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. वर्गात ऐकलेलं घरी सांगितलं की आई "छान" म्हणते आणि कुकर बघायला उठते. म्हणून मी ते अंकलना सांगू लागले. मला ते कितपत नीट सांगता आलं कोण जाणे, पण सरांनी शिकवलं होतं ते असं: ज्या खेळात प्रत्येक चालीला एक घर भरतं, तो घरं संपली की संपतोच. बुद्धिबळात सोंगट्या पुढे-मागे फिरतात. पट मोठा मोठा करत नेला आणि पन्नास चालींसारखा नियम ठेवला नाही, तर डाव अफाट लांबू शकतो. मग शेवटी कोण जिंकणार हे शोधायला संगणकाला लागणारा वेळही दुपटी-चौपटीने वाढत जातो.

अंकल उभेच राहिले. "म्हणजे युनिव्हर्सिटीनं मान्य केलं?"

"मान्य नाही अंकल, सिद्ध झालंय."

"तेच ते!" दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या शेफपासून आमच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांना ही बातमी कळली होती.

त्यांना लांब डाव का हवा असतो, हे बिल्डिंगला माहीत आहे. त्यांचा मुलगा नेविल पुण्याला असतो. लहानपणी त्याला बाप दिसला तो सुट्टीपुरता. आई गेल्यावर दोघांचं बोलणंच तुटलं. राहिला तो फोनवरचा डाव. रोज एक चाल अंकल पाठवतात, एक नेविल. घोडा कुठे, उंट कुठे, एवढंच. मागचा डाव नेविल हरला, तेव्हा नवा सुरू होईपर्यंत दोन नाताळ गेले.

गेल्या शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधून आल्यावर अंकलनी मला पट बघायला बोलावलं. मी जरा वेळ बघितलं आणि न राहवून म्हणाले, "अंकल, वजीर इथे आणा. मात आहे."

"दिसतंय गो. उगाच बोलू नको." आणि त्यांनी आपला राजा एक घर बाजूला सरकवला, चाल पाठवूनही दिली. जिंकणं टाळल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

मला मात्र दिसलं ते सांगावं की नाही कळेना. "अंकल... आता त्याचा घोडा इथे आला तर तुम्हालाच मात आहे."

अंकल वाकले. घोड्यापासून राजापर्यंत बोट फिरवून पाहिलं. "परत घेता येत नाही," ते हळूच म्हणाले. "आमच्यात तसं ठरलंय."

आम्ही दोघं फोनकडे बघत बसलो. एसी घरघरत होता. फोन वाजला, तरी अंकलनी तो उचलला नाही, माझ्याकडे सरकवला. मी वाचलं. नेविलने घोडा मागे घेतला होता.

"त्याला दिसलं नसेल," अंकल म्हणाले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "काय गो? नसेल ना दिसलं?"

"अंकल, घोडा मागे घ्यायला दुसरं काही कारणच नव्हतं," मी म्हणाले. "त्याला दिसलं असणार."

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. फोन घेऊन एका बोटाने सावकाश काहीतरी लिहिलं आणि मला दाखवलं. चाल नव्हती. "जेवलास का?" एवढंच होतं.

"पाठवू?"

"पाठवा ना, अंकल."

उत्तर लगेच आलं. "हो. तुम्ही?"

अंकल उठले, स्वयंपाकघरात गेले, फ्रिजमधली कालची खुबूस रोटी काढून उभ्या उभ्या दोन घास खाल्ले, पाणी प्यायले. मग येऊन त्यांनी लिहिलं, "हो."