दुरून चालू होत नाही

३० एप्रिल २००७, सोमवार, सकाळी साडेदहा. मधुकरराव ठोंबरे यांनी चपला दाराबाहेर काढल्या, सर्व्हरच्या खोलीत गेले आणि तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा पालथा हात त्या काळ्या पेटीला लावला. मग बाहेर येऊन मला वर्दी दिली.

"साहेब, आज अंग कोमट हाय. काई चिंता नाही."

पेटीचे तापमान पडद्यावर आकड्यांत दिसत असे. ठोंबरे ते वाचत, परंतु मानत नसत. "आकडा कोणाचाबी असते, साहेब. अंग त्याचंच असते."

बालाघाटात आमची खनिज वाहतुकीची कचेरी होती आणि मी तिचा शाखाप्रमुख. भरवेलीच्या खाणीतून सुटणाऱ्या ट्रकांच्या साऱ्या पावत्या त्या सर्व्हरवर साठत. ठोंबरे त्याचे रखवालदार आणि वैद्य. चेष्टेखोर लोक त्यांना पुजारी म्हणत. ते त्यांना खपत नसे. "पुजारी घंटा वाजवते. मी काम करतो."

त्या काळी वीज दिवसातून अनेकदा जाई. वीज गेली की इतर लोक चहाला उठत आणि ठोंबरे अनवाणी धावत. यूपीएसने आचके देण्यापूर्वी सर्व्हर रीतसर बंद झालाच पाहिजे, हा त्यांचा दंडक. वीज परतल्यावरही ते तो लगेच चालू करत नसत. "झोपेतून उठलेल्याले कोणी पळवते का?" जबलपूरच्या मुख्य कचेरीचे फोन खणखणत राहत. ठोंबरे रिसीव्हर काढून बाजूला ठेवत आणि पेटीला पुन्हा हात लावत.

एकदा किरनापूरला त्यांच्या सख्ख्या भाचीचे लग्न होते. मंगलाष्टके चालू असता सर्व्हर बंद पडल्याचे त्यांना कळले. कोणा पाहुण्याची मोटारसायकल घेऊन ते निघाले आणि केसांत अक्षता तशाच ठेवून पेटीपुढे उभे राहिले. बहिणीने पुढे वर्षभर अबोला धरला. मी त्यावरून बोललो, तेव्हा त्यांनी पेटीकडे बोट दाखवले. "बहीण समजून घेईल, साहेब. हे कोणाले सांगणार?"

बहिणीने समजून घेतले नाही.

त्या सोमवारी ठोंबरे निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी कोणी येणार नव्हते. जबलपूरचा आदेश असा, की सर्व्हर दुरून सांभाळण्याची साधने माझ्या टेबलावरच्या संगणकात बसवावीत आणि ती ठोंबऱ्यांनीच बसवावीत. ज्याचे काम काढून घ्यायचे, त्याच्याकडूनच ते नीट बांधून घ्यावे, ही मुख्य कचेरीची जुनी काटकसर.

ठोंबऱ्यांनी हातरुमालात गुंडाळलेली सीडी काढली. संगणकाने ती नाकारली.

"काहून?" मीही त्यांच्यासारखाच बोलून गेलो.

"याच्या अंगावर जुने कपडे हाय. आधी नवे चढवा लागते." त्यांनी दुरुस्तीची दुसरी सीडी घातली. पडद्यावर निळी पट्टी सरकू लागली आणि शेवटाशी येऊन थांबली. "हे पट्टी लय खोटी बोलते, साहेब. शेवटचा घास तासभर चावते."

त्यानंतर माझा संगणक सर्व्हरच्या जाळ्यात नोंदवावा लागला. "पंगतीत बसवल्याशिवाय वाढते का कोणी?"

दुपारी काम पुरे झाले. जबलपूरच्या तरुण अधिकाऱ्याचा फोन आला. मी तो स्पीकरवर घेतला.

"हो गया दादा? बस, अब सर्वर रूम में ताला मार दो। किसी को अंदर जाने की जरूरत ही नहीं।"

"हौ," ठोंबरे म्हणाले.

चाचणी बाकी होती. "तुमीच दाबा," ते म्हणाले. मी माझ्या खुर्चीतून सर्व्हर बंद करण्याची आज्ञा दिली. थोड्या वेळाने पलीकडच्या खोलीतली घरघर थांबली. ठोंबऱ्यांनी मान किंचित कलती केली. इतक्या लांबून ती घरघर बंद झालेली त्यांनी प्रथमच ऐकली असावी.

"आता चालू करा," मी म्हणालो.

"ते इथून नाही होत."

"म्हणजे?"

"झोप म्हणलं तर झोपते. पण झोपलेल्याले उठ कसं म्हणान? ऐकणाराच बंद हाय. जाऊन बटन दाबा लागते."

दिवसभरात प्रथमच त्यांचा चेहरा उजळला. चपला काढून ते आत गेले. घरघर सुरू झाली.

जबलपूरला मी ही अडचण सांगितली. "अरे, चपरासी दबा देगा," असे उत्तर आले.

सायंकाळी शाल, श्रीफळ, समोसे. भाषण करा म्हटल्यावर ठोंबरे उभे राहिले, "मले बोलता येत नाही," म्हणाले आणि बसले. सगळे पांगल्यावर त्यांनी करदोट्याला बांधलेली सर्व्हरच्या खोलीची किल्ली सोडवली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

"उद्यापासून काय करणार?" मी विचारले. विचारायचे म्हणून.

"सकाळी फ्रिजले हात लावून पाहीन. बायको गेल्यापासून तेच करतो. दुसरं अंग कोणाचं हाय घरात?"

ते हसले. मी हसलो नाही. ते गेले.

मी संगणकापुढे बसलो आणि सर्व्हर बंद करण्याची आज्ञा दिली. यंत्राने कारण विचारले. कारण दिल्याशिवाय ते पुढे जात नाही. दिलेल्या कारणांतून मी 'देखभाल' निवडले. घरघर थांबली. पेटीला मी हात लावला नाही. मला तशी सवय नाही. सकाळी जबलपूर जाब विचारणार. विचारो.

ते घरी पोचण्याइतका वेळ जाऊ देऊन मी ठोंबऱ्यांना फोन केला.

"सर्व्हर बंद पडला आहे."

"काहून? काय झालं?"

"मला काय कळते त्यातले?"

"आत्ता येतो."

"रात्री ट्रक नाहीत. उद्या दहाला या."

"बरं. पण कोणाले हात लावू देऊ नका, साहेब."

चपराशाला बोलावले. उद्या त्या बटणाला कोणीही हात लावायचा नाही, असे बजावले आणि खोलीला कुलूप घातले.