वऱ्हाडपांडेकाकांचा चार जुलै

वऱ्हाडपांडेकाका अनोळखी माणसाच्या दाराची बेल वाजवून सांगतात, की तुमच्या अंगणातला अमेरिकन झेंडा विरलाय, तेवढा उतरवा. ओहायोत अनोळखी दाराची बेल वाजवणं हे येरागबाळ्याचं काम नाही. आत कोण असेल आणि त्याच्या हातात काय असेल याचा नेम नसतो. नलूकाकू गाडीत बसून रामरक्षा म्हणतात. काका मात्र टाय सारखा करून ताठ उभे राहतात आणि दार उघडलं की म्हणतात, "सर, युवर फ्लॅग इज टायर्ड."

डिकीत कायम नवे झेंडे असतात, नियमाप्रमाणे त्रिकोणी घडी घातलेले. एकदा ओहायोतल्याच डब्लिनच्या बाहेर, शेतांकडच्या एका घरातून दारापेक्षा रुंद असा दाढीवाला बाहेर आला. त्याने विचारलं, तुम्ही कुठले. काका म्हणाले, "थ्री सिग्नल्स दॅट साइड." हे त्यांचं ठरलेलं उत्तर आहे. 'नाही, म्हणजे मूळचे कुठले' असं कोणी पुढे विचारलं, तर ते त्या तिन्ही सिग्नलांवरच्या रस्त्यांची नावं सांगतात. दाढीवाल्याने शेवटी हार मानून शिडी आणली. तो वर चढला आणि काकांनी खाली शिडी धरली.

मी त्यांची शेजारीण. आम्ही नवराबायको पुण्याचे, दोघंही आयटीत, दोघंही व्हिसावर. आमचा ग्रीन कार्डाचा नंबर कधी लागेल असं वकिलाला विचारलं की तो हसतो. काकांचं तसं नाही. ते नागपूरहून शिकायला आले, इंजिनिअर म्हणून इथेच निवृत्त झाले आणि त्यांना इथलं नागरिकत्व घेऊन जमाना झाला. नुसतं घेतलं नाही, ते मनावर घेतलं. माझ्या मते हीच त्यांची सगळी अडचण आहे.

त्यांचा पहिला राग आमच्या मराठी मंडळावर. महाराष्ट्रात निवडणूक लागली की आमच्या ग्रुपवर अशी धुळवड सुरू होते की गेल्या वर्षी गणपतीची कमिटी त्यात फुटली. एका गटाने मोदक आणले नाहीत, दुसऱ्याने आरतीला येणं बंद केलं. यातल्या निम्म्यांना तिकडे मत नाही आणि ज्यांना इकडे आहे ते मतदानाच्या दिवशी "टाइमच नाही मिळाला काका" म्हणतात. संक्रांतीला सगळे तिळगूळ घेऊन गोड बोलत असताना काका मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "तिकडच्या आमदाराची सासुरवाडी तुम्हाला पाठ आहे बाप्पा, आणि तुमच्या पोराच्या शाळेचा बोर्ड कोण चालवून राहिला ते माहीत नाही?" त्यानंतर मंडळाचे अध्यक्ष सबनीस त्यांना माइक देत नाहीत.

दुसरा राग इथल्या पक्षांवर, आणि तो मोठा. पक्ष दोन आहेत. काका दोन्हींत राहून आलेत. पहिल्या पक्षात ते वर्षानुवर्षं होते. मग एका निवडणुकीत त्या पक्षाने पत्रक काढलं, 'आपलं गाव परत मिळवू या.' काकांनी बैठकीत हात वर करून विचारलं, कोणाकडून? सगळे आपापल्या कॉफीच्या कपात बघायला लागले. काकांनी पुन्हा विचारलं, "कोणाकडून परत घ्यायचंय? माझ्याकडे असेल तर मी इथेच बसलोय, मागून घ्या." कोणी काही मागितलं नाही. खुर्ची जागेवर लावून काका बाहेर पडले ते परत गेले नाहीत.

दुसऱ्या पक्षाने त्यांना अक्षरशः मिठी मारली. तिथे सगळे फार प्रेमळ. तुमची संस्कृती किती सुंदर, तुमचे रंग किती सुंदर, तुमचे समोसे किती सुंदर. काकांच्या नागपुरी घरात समोसे होत नाहीत, पण ते असो. दर दिवाळीला त्या पक्षाचा उमेदवार झेंडूची माळ घालून हजर. काकांनी त्याला विचारलं की आमच्या गल्लीतला बर्फ दुपारपर्यंत का काढला जात नाही, तर तो म्हणाला मी रोज योगा करतो. माझ्या मस्तकात तिडीक गेली. काका मात्र टिकून राहिले. भर थंडीत कानटोपी घालून दारोदार फिरले, लोकांना पक्षाची बाजू समजावत राहिले, आणि जाता जाता विरलेले झेंडेही बदलत राहिले.

त्यांना बदल्यात एकच गोष्ट हवी होती. चार जुलैच्या, म्हणजे इथल्या स्वातंत्र्यदिनाच्या परेडमध्ये पक्षाच्या तुकडीपुढे झेंडा घेऊन चालायचं. बस. पद नको, फोटो नको.

परेड ठरवायच्या बैठकीला मी हजर होते, कारण काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यांची ड्रायव्हर मी होते. मतच नसल्यामुळे मी मागे गप्प बसले. पक्षाची स्थानिक अध्यक्ष लिंडा नावाची बाई. वाईट माणसाशी भांडता येतं, पण लिंडाशी भांडायचं कसं? ऑपरेशनच्या दिवशी तीच सूप घेऊन आली होती. काकांनी झेंड्याचं विचारलं तेव्हा ती खुशीत म्हणाली, तुमच्यासाठी आम्ही काहीतरी खास ठरवलंय. फुलांनी सजवलेला एक ट्रेलर असणार, त्यावर वेगवेगळ्या देशांचे पोशाख केलेली माणसं. तुम्ही तुमची ती गुलाबी पगडी घाला, ढोल आणा, लोकांना फार आवडेल. आणि झेंडा? झेंडा टॉम घेईल. टॉमने आयुष्यात पक्षासाठी एक दार ठोठावलेलं नव्हतं, पण त्याच्या पणजोबांचं या गावात दुकान होतं.

काका उठले. बोलले इंग्रजीतच, पण मला ते मराठीतच आठवतं.

"लिंडा, मला फेट्याची लाज नाही. मंडळातल्या अर्ध्या नवरदेवांचे फेटे मी बांधलेत. पण दिवाळीला तू माझ्या घरी येतेस तेव्हा मी तुला या म्हणतो, बसा म्हणतो, कारण घर माझं आहे. चार जुलैला घर कोणाचं असतं? ट्रेलरवर बसवून लोकांना काय दाखवायचंय, की बघा, आपल्याकडे पाहुणे आलेत?"

लिंडाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, मला तसं म्हणायचं नव्हतं. ते खरंही होतं, आणि त्यामुळेच मला जास्त संताप आला. पहिल्या पक्षाने निदान पत्रक काढून सांगितलं की तू आमचा नाहीस. यांनी तेच हार घालून सांगितलं. आणि एवढं सगळं होऊन टॉमचं नाव काही बदललं नाही.

चार जुलैला काका फुटपाथवर उभे होते, पांढरा शर्ट, टाय. मी, माझा नवरा आणि नलूकाकू शेजारी. पक्षाचा ट्रेलर आला. त्यावर गुलाबी फेटा घालून, दोन्ही हात हलवत कोण उभं असावं? सबनीस. काकांनी सोडलेली जागा आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी पटकावली होती, आणि फेटा इतका वाईट बांधलेला की तो कानावर उतरला होता. मी मराठीत जे काही म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. काकांचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. पुढून टॉम झेंडा खांद्यावर तिरका टाकून, फोनवर बोलत चालला होता. काकांनी इथल्या रीतीप्रमाणे छातीवर हात ठेवला आणि झेंडा वळणापलीकडे जाईपर्यंत तसाच ठेवला. मग म्हणाले, "चला, ऊन फार आहे."

मला वाटलं, आता संपलं. माणूस दोन्ही दारांतून बाहेर पडला, आता घरी बसेल. पण ऑगस्टमध्ये त्यांनी मला शुक्रवारची सुट्टी घ्यायला लावली. कोलंबस शहरातल्या कोर्टात सोडून दे म्हणाले. मला वाटलं, पक्षावर दावा लावणार. मी मनातून खूशच झाले.

तिथे नवीन नागरिकांचा शपथविधी होता. बाहेर फुटपाथवर दोन्ही पक्षांची टेबलं लागलेली. दोन्हीकडून काकांना हाका आल्या. त्यांनी दोघांनाही मान हलवली आणि ते पायऱ्यांपाशी जाऊन उभे राहिले. दार उघडलं, माणसं बाहेर येऊ लागली. फुलं, मिठ्या, आजीआजोबा, फोटो. ज्यांच्याबरोबर घरचे होते त्यांच्याकडे काकांनी पाहिलंसुद्धा नाही. मग एक नेपाळी मुलगी एकटीच बाहेर आली, अंगावर गोदामाच्या कामाचा युनिफॉर्म, शिफ्ट गाठायच्या घाईत. काका पुढे झाले. तिचा फोटो काढून दिला. मग मागे सरकून एकट्यानेच जोरजोरात टाळ्या वाजवल्या. रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. ती मुलगी आधी बावरली, मग हसली, मग तिने तोंड फिरवून डोळे पुसले. मीही टाळ्या वाजवायला लागले.

असे एकटे बाहेर आलेले बरेच निघाले. दर वेळी असतात, असं काका म्हणाले. ते दर वेळी येतात हे नलूकाकूंनाही ठाऊक नव्हतं.

परत गाडीत बसल्यावर मी विचारलं, हे कशासाठी? काकांनी आधी सीटबेल्ट लावला.

"माझ्या शपथेला कोणी नव्हतं गं. नलूला सुट्टी मिळाली नाही. पार्किंगमध्ये गाडीत बसून डबा खाल्ला. मग नागपूरला दादाला फोन लावला. आनंदाची बातमी द्यायला लावला होता बरं. तो म्हणाला, म्हणजे आमचा संबंध संपला. आणि फोन ठेवला. मग जेवण नाही गेलं." पुढे म्हणाले, "इतकं मोठं काही केल्यावर माणसाला कोणीतरी ये, बस म्हणायला पाहिजे."

दादांनी पुढे कधी फोन केला का, हे विचारायचं माझ्या जिवावर आलं. मी गाडी सुरू केली.

सिग्नलला थांबलो तेव्हा ते नेहमीच्या चढ्या आवाजात म्हणाले, "तुझ्या शपथेला मी येईन. पण लवकर कर बाप्पा काय ते. माझं वय होऊन राहिलं."

आमची रांग किती लांब आहे हे काकांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मी म्हटलं, "हो काका. पहिल्या रांगेत बसायचं तुम्ही."