अण्णांची वाघीण

दिनकरअण्णा कुठलीही वस्तू बांधली, की ती दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवतात. हलली तर सोडून पुन्हा बांधतात. नाही हलली तर घाबरतात. "एवढी गप कशी बसली? काय तरी चुकलंय," म्हणतात.

पलूसमध्ये आमच्या शेजारचंच घर त्यांचं. तिथे गॅसचं सिलिंडर साखळीने, पाण्याचं पिंप दोरखंडाने आणि टीव्ही चार पट्ट्यांनी बांधलेला आहे. मी शाळेत गणित शिकवतो, मला मोजायची सवय आहे. नुसत्या पुढच्या खोलीत एकवीस गाठी आहेत.

अण्णा सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीतली सोळा वर्षं त्यांनी रणगाडे आणि ट्रक रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवून बांधण्यात घालवली. मालगाडीच्या डब्याला ते वाघीणच म्हणतात आणि तिच्यावरच्या कुठल्याही सामानाला लोड. "लोड हाललं न्हाई पायजे" हे त्यांचं ब्रीदवाक्य. एका लग्नात वाढप्याने त्यांच्या हाती खिरीची वाटी दिली, तेव्हाही ते हेच म्हणाले होते.

गेल्या पावसाळ्यानंतर त्यांच्या पत्नी, सुमनकाकू, न्हाणीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. सांगलीला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "शनिवारी घरी न्या. फक्त धक्का बसू देऊ नका." त्या 'फक्त'ने अण्णांची अन्नावरची वासना उडाली.

मी भेटायला गेलो, तेव्हा ते नर्सला विचारत होते, "लोड कवा सोडताय?"

"लोड म्हनं!" काकू कॉटवरून म्हणाल्या. "बेचाळीस वर्षं संसार केला, आन् मी लोड व्हय?"

"तसं न्हवं गं. जपत्यात ते लोडलाच की."

अ‍ॅम्ब्युलन्सवाले घाईत असतात, म्हणून काकूंना माझ्या गाडीतून आणायचं ठरलं. मागची सीट पाडली, की गादी मावते. मंगळवारी रात्री अण्णांचा फोन आला, "सर, सकाळी वाघीण आणतो. गाडीत मागं जागा करा."

आमच्याकडे उसात बिबट्या दिसल्याची बातमी अधूनमधून येतेच, आणि बिबट्याला इथे सगळे वाघच म्हणतात. अर्धवट झोपेत मला मालगाडी आठवलीच नाही; मी उठून खिडक्या लावल्या. सकाळी दार उघडलं, तर अण्णांच्या हातात दोन फुटांची लाकडी सपाट वाघीण आणि तिच्यावर त्यांनीच घडवलेलं पितळी इंजिन. आमच्या घरच्या वजनकाट्यावर दोन्ही मिळून बारा किलो चारशे ग्रॅम भरलं.

"हे कशाला?"

"रंगीत तालीम. इंजिनाला सोताची चाकं असत्यात, सर. त्येला पळायचीच सवय. ते गप राहिलं, तर तीबी राहील."

"काकूंना कुठे चाकं आहेत?"

"तुमी तिला वळखत न्हाई."

त्यांनी इंजिनाच्या प्रत्येक चाकाला दोन्हीकडून पाचर ठोकली, चार कोपऱ्यांतून बारीक साखळ्या ओढल्या आणि चाकापासून खालच्या फळीपर्यंत खडूची एक सरळ रेघ मारली. उतरल्यावर रेघ जुळली, तर लोड हललं नाही. वाघीण गादीवर पट्ट्यांनी आवळली आणि आम्ही सांगलीला जाऊन आलो. जाताना सत्तावीस गतिरोधक लागले. प्रत्येक गतिरोधकाला अण्णांचा श्वास थांबायचा, आणि तो पुन्हा सुरू होईपर्यंत माझाही. घरी येऊन पाहिलं. रेघ बोटभर तुटली होती.

अण्णांचा चेहरा पांढरा पडला. "एक बोट, सर. हाडाला एक बोट म्हंजे लय झालं."

गुरुवारी त्यांनी पाना लावून साखळ्या आवळल्या. मी वीसच्या वर वेग नेला नाही. मागून एक ट्रॅक्टरवाला ओरडला, "आवं, वरात हाय का?" अण्णांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. या वेळी रेघ जुळली. मी टाळी वाजवली. अण्णांनी मात्र साखळ्या सोडल्या आणि इंजिन उलटं केलं. पुढच्या चाकांचा कणा वाकला होता.

"हाललं न्हाई," ते हळू आवाजात म्हणाले. "पर मोडलं. मीच मोडलं."

ते पायरीवर बसले.

"सैल सोडलं तर घसरतंय, आवळलं तर मोडतंय. मग तिला बांधू कसं, सर?"

मला आकडे सांगता येतात. म्हणून मी एवढंच सांगितलं, की परवा येतानाही गतिरोधक सत्तावीसच असतील.

शनिवारी अण्णा रिकाम्या हातांनी आले. ना पट्टी, ना साखळी. काकूंना गादीवर निजवलं आणि ते स्वतः त्यांच्या कडेला आडवे झाले, पाठ गाडीच्या पत्र्याला, पायांचे तळवे पुढच्या सीटला रेटून. माणसाची पाचर. वय अडुसष्ट.

"सर, तुमी फकस्त आधी सांगा."

मी प्रत्येक गतिरोधकाआधी "आला" म्हणायचो. मागून दर वेळी एक कण्हणं यायचं. ते अण्णांचं असायचं. काकू म्हणायच्या, "गेला वं. डोळं उघडा."

बत्तीस किलोमीटरला एक तास पन्नास मिनिटं लागली. घरासमोर आमची ही पाणी आणि भाकरतुकडा घेऊन उभी होती. गल्लीतली चार माणसंही जमली होती. मी मागचं दार उघडलं. काकू सुखरूप होत्या. अण्णांना उठता येत नव्हतं. पाय ताठून थरथरत होते, कपाळावरून घाम गळत होता, आणि लोकांनी पाहू नये म्हणून ते पाय चोळल्याचं सोंग करत होते.

आमची ही भाकरतुकडा काकूंवरून ओवाळायला वाकली. काकूंनी तिचा हात धरला.

"माझ्यावरनं नगं, बाई. आधी ह्यांच्यावरनं ओवाळ," त्या म्हणाल्या. "लय भ्यालेत."